मीटरबाईंचा डावा पाय

आमच्या शिबिराची सकाळ उड्यांनी सुरू व्हायची, आणि त्या उड्या आमच्या नसायच्या. आम्ही मुली केस बांधत, जांभया देत हॉलमध्ये शिरायचो तेव्हा पन्नाशी कधीच ओलांडलेली एक बाई कोपऱ्यातल्या काळ्या फळीवर उभी असायची. अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. त्या पदर खोचायच्या, दोन्ही हात कमरेवर ठेवायच्या, समोरच्या भिंतीनेच काहीतरी आगळीक केल्यासारखं तिच्याकडे बघायच्या आणि उडी मारायच्या. फार उंच नाही. खाली येताना धप्प आवाज व्हायचा, शेजारच्या संगणकावर दोन रेघा उमटायच्या, त्या रेघांकडे बघून बाई मान हलवायच्या आणि उतरून चष्मा पुसायच्या. मग दिवसभर कोणाशी बोलावंसं वाटलं तर बोलायच्या.

कबड्डीच्या राज्य संघाच्या शिबिरात हे नवीन होतं. आम्ही मॅटला नमस्कार करून आत पाऊल टाकणाऱ्या मुली. त्यामुळे आम्ही ठरवून टाकलं की ही बाईंची नमस्कार करण्याचीच तऱ्हा असणार. कोणी अगरबत्ती लावतं, कोणी उडी मारतं. हा समज पुढे मोडला, आणि तो मोडायला माझा एक पाय आणि एक नारळ कारणी लागले. ते सांगतेच, पण आधी बाई कशा होत्या ते सांगायला हवं, नाहीतर नारळाची गंमत कळायची नाही.

त्या क्रीडावैज्ञानिक होत्या. संघाला विज्ञानाची जोड द्यायची असं वरच्या लोकांनी कुठल्याशा बैठकीत ठरवलं आणि त्या जोडीच्या रूपाने या बाई रिक्षातून उतरल्या. बरोबर खोकी, वायरी आणि एक लोखंडी पेटी. संकुलाच्या वॉचमनने खोकी बघितली, वायरी बघितल्या आणि अदबीने त्यांना थेट जिन्याखालच्या मीटरपाशी नेऊन उभं केलं. बाईंनी मीटर नीट वाचला. ‘हा संथ चालतोय,’ असं त्याला सांगितलं आणि मग विचारलं, ‘आता मुली कुठे आहेत ते दाखवता?’ त्या दिवसापासून पाठीमागे त्या मीटरबाई झाल्या. तोंडावर अर्थातच मॅडम.

पहिला आठवडाभर त्यांनी एकही खोकं उघडलं नाही. मॅटच्या कडेला स्टुलावर बसून राहिल्या. कोण जिना कसा उतरतं, कोण पाण्याची बाटली उचलायला कुठल्या गुडघ्यात वाकतं, पकड सुटल्यावर कोण कुठल्या कुशीवरून उठतं, एवढंच बघत. आम्हाला वाटलं, हिशेब तपासायला आलेली बाई आहे, नाश्त्याच्या केळ्यांवर हिची नजर असणार. आठवड्याच्या शेवटी मात्र त्यांनी आमच्या डाव्या कोपऱ्यात खेळणाऱ्या मुलीला हाक मारली आणि म्हणाल्या, ‘तू लहानपणी झाडावरून पडली होतीस का गं? उजव्या अंगावर?’ ती पडली होती. तिच्या आईशिवाय ते कोणाला माहीत नव्हतं. त्या दिवशी जेवताना सगळ्याजणी जरा सावरून बसल्या.

ही बघण्याची सवय त्यांना बाहेरही सोडायची नाही. आमच्यातल्या एकीच्या लग्नाला त्या आल्या होत्या. नवरा-नवरी सप्तपदी चालत होते, लोक अक्षता हातात धरून कौतुकाने बघत होते, आणि मॅडम माझ्या कानाशी पुटपुटल्या, ‘नवऱ्याचा घोटा आत पडतोय. तिला सांग, बूट बदलायला लाव.’ बिबवेवाडीहून रोज बसने यायच्या. मी कितीदा म्हटलं, माझ्या स्कूटरवर चला. ‘तुझी स्कूटर तुझ्या पाठीला पुरे. माझी पाठ मी बसच्या दांड्याला धरून उभी ठेवते,’ हे उत्तर. बसायला जागा असली तरी त्या बसत नसत, आणि कोणी उठून जागा दिलीच तर त्यालाच परत बसवून ‘पोक काढू नका’ म्हणत.

त्यांच्या खोलीच्या दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: ‘येथे आकडे मिळतात. ते आवडतील अशी हमी नाही.’ त्या खोलीत एक शब्द उच्चारायला बंदी होती. तो शब्द ‘जरा’. कोणी म्हणालं, ‘मॅडम, मांडी जरा धरलीये,’ की त्या पेन खाली ठेवायच्या. ‘जरा म्हणजे किती? जिना चढताना? उतरताना? शिंकताना? जरा हे काही माप नाही. ते भाजी घेताना वापरायचं.’ सुरुवातीला मुली घाबरल्या. महिन्याभराने त्याच मुली एकमेकींना ‘जरा मीठ दे’ म्हणायच्या आधी थांबायला लागल्या.

स्वच्छतागृहात त्यांनी रंगांचा एक तक्ता चिकटवला. अंगात पाणी पुरेसं आहे की नाही ते लघवीच्या रंगावरून कळतं, पण हे वीस-बावीस वर्षांच्या, गावाकडून आलेल्या मुलींना सांगायचं कसं? मॅडमनी सरळ रंगांना नावं दिली. लिंबू सरबत: शाबास. उसाचा रस: पाणी प्या. गुळाचा चहा: माझ्याकडे या. सगळा संघ हसून हसून लोळला आणि बाटल्या मात्र रिकाम्या व्हायला लागल्या. आम्ही पुढे कित्येक महिने गुऱ्हाळासमोरून जाताना एकमेकींकडे बघू शकत नव्हतो.

त्यांना फसवायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. झोप मोजायला त्यांनी प्रत्येकीला मनगटावर बांधायचं घड्याळ दिलं होतं. आमच्यातल्या एकीला मोबाइलशिवाय झोप येत नसे. तिने युक्ती केली. आपलं घड्याळ खाणावळीतल्या मावशींच्या हातात बांधलं, मावशी लवकर झोपायच्या ना! दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. ‘अभिनंदन. काल तू नऊच्या आत झोपलीस. गाढ झोपलीस. आणि पहाटे उठून घरभराच्या पोळ्या लाटल्यास.’ त्यांनी पडद्यावर हाताच्या हालचालीची रेघ दाखवली, पुढे-मागे, पुढे-मागे, मध्ये थोडं थांबून पुन्हा. पोळी तव्यावर टाकायला लागतो तेवढा वेळ. मग म्हणाल्या, ‘मावशींना सांग, त्यांचा खांदा भरून येत असणार. दुपारी माझ्याकडे पाठव.’ मावशी खरंच जायला लागल्या. आमच्याआधी मीटरबाईंवर विश्वास बसला तो मावशींचा.

सर्वांत शेवटी बसला तो आमच्या सरांचा. सर म्हणजे आमचे मुख्य प्रशिक्षक. हडपसरला शेतं होती त्या काळात तिथल्या मातीत खेळलेले, आवाज असा की शिट्टीची गरज नाही. त्यांच्या हाताखाली राज्याच्या मुलींनी नाव काढलं होतं, त्यामुळे त्यांना कोणी काही शिकवावं अशी परिस्थिती नव्हती. ‘अवो मॅडम,’ ते पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘कबड्डी दमावर हाय. वायरीवर न्हाई.’

‘दमच मोजायचा आहे, सर,’ मॅडम म्हणाल्या. ‘वायर फक्त आणायला-न्यायला.’

दोघांची जुगलबंदी रोज चालायची. सरांचा रविवारचा एक कार्यक्रम होता. सगळ्यांनी धावत खडकवासल्याला जायचं, धरणाच्या भिंतीपाशी हातपाय धुवायचे आणि धावत परत यायचं. मॅडमनी दोन-तीन रविवार आम्हाला मोजलं आणि सरांना म्हणाल्या, ‘जाताना धावू द्या. येताना बसने आणा. दमलेल्या पायांनी डांबरावर आपटत आल्या की सोमवार-मंगळवार फुकट जातात.’ सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ‘बसनं? राज्याचा संघ बसनं यायचा? लोकं हसत्याल!’ ‘हसू द्या,’ मॅडम म्हणाल्या. ‘हसणाऱ्यांना सोमवारी खेळायचं नसतं.’ सर पाठ फिरवून मॅटकडे गेले. पण पुढच्या रविवारी धरणाशी कणसं खाऊन झाल्यावर ते आमच्याकडे न बघता म्हणाले, ‘ऊन लई हाय. बसनं चला आज.’ त्यानंतर खडकवासल्याला दर रविवारी ऊन असायचं, पावसाळ्यातसुद्धा.

आता नारळ.

माझ्याविषयी थोडं सांगते. मी चढाई करायची, आणि माझं नाव होतं ते उडीसाठी. समोरच्या मुली साखळी करून अंगावर आल्या की मी त्यांच्यावरून उडी मारून मधल्या रेषेपलीकडे पडायची. लोक ती उडी बघायला यायचे. त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेचे पहिले दोन दिवस भारताच्या शिबिरासाठी निवड करणारे लोक बघायला येणार होते. माझं वय चढाई करणाऱ्या मुलीच्या मानाने उतरणीला लागलेलं. आधी दोनदा अगदी उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आले होते. घरचे आता उघडच विचारायला लागले होते की अजून किती दिवस? मी ठरवलं होतं, शिबिरात सांगूनही टाकलं होतं, हे वर्ष शेवटचं. निळी जर्सी अंगावर आली तर आली, नाहीतर नोकरी आणि घर. त्यामुळे ते दोन दिवस माझे होते. दुसऱ्या कोणाचे असूच शकत नव्हते.

स्पर्धेच्या थोडे दिवस आधी दसरा आला. दसऱ्याला मॅडम रजेवर असायच्या. त्यांच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तो दिवस त्यांच्या घरी सगळ्यात मोठा. पांढरी साडी नेसून सगळ्या घराबरोबर त्या विहारात जायच्या. शिबिरात आम्ही दरवर्षीप्रमाणे पूजा मांडली. मॅट, बूट, चढाईचं घड्याळ, सरांची न वाजणारी शिट्टी. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, ‘अगं, मॅडमच्या यंत्रांची राहिली की!’ ती यंत्रं वर्षभर आपल्यासाठी राबतात, त्यांना दसऱ्याच्या दिवशी हळदकुंकू नाही म्हणजे काय? मुली अगदी प्रेमाने गेल्या. उडी मारून उतरताना कुठल्या पायावर किती भार येतो ते दोन रेघांनी दाखवणाऱ्या त्या काळ्या फळीला झेंडूचा हार घातला, आपट्याची पानं ठेवली, हळदकुंकू वाहिलं. आणि नारळ फोडायला दगड शोधत बसण्यापेक्षा समोर एवढी भक्कम फळी आहेच की, म्हणून आमच्या उजव्या कोपऱ्याच्या मुलीने तिच्यावरच नारळ आपटला. ती पकडीला फार चांगली होती, हाताला जोर होता. नारळ एका फटक्यात फुटला, पाणी फळीभर झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. फळीकडे बघितलं. वाकून बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. संगणक आदल्या दिवशी कोणीतरी चालूच ठेवला होता, त्यावर त्यांनी कालच्या रेघा काढल्या. एक रेघ सरळसोट वर गेली होती, पडद्याच्या बाहेर.

‘काल या शिबिरात सगळ्यात जोरदार कोण आदळलं माहितीये?’ त्या म्हणाल्या. ‘नारळ. दोन्ही पायांवर सारखा. लँडिंग उत्तम, पण पुढे खेळायच्या लायकीचा राहिला नाही.’

ओरडल्या नाहीत. फळी उघडली, आतून-बाहेरून पुसली, पंख्याखाली वाळवली, व्यायामशाळेतली लोखंडी वजनं ठेवून तपासली. नारळ फोडणारी मुलगी रडायला लागली तेव्हा तिच्या हातात फडकं देऊन म्हणाल्या, ‘पूजेला माझी हरकत नाही. यंत्राला कोणी नमस्कार केला तर यंत्राचं काही बिघडत नाही. फक्त नमस्कार लांबून करायचा, आणि खोबरं मला ठेवायचं.’ खोबरं उरलं नव्हतं. त्याचं मात्र त्यांना खरंच वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात सगळ्यांची चाचणी झाली. माझा नंबर आला, मी उडी मारली आणि मॅडम बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. पुन्हा मारायला लावली. पुन्हा. मग सरांना बोलावून घेतलं आणि आम्हा दोघांसमोर सांगितलं, ‘हिला पहिले दोन दिवस खेळवू नका. उजवा पाय कामचुकारपणा करायला लागलाय. खाली येताना सगळा भार डावा घेतोय. मी देते ते व्यायाम केले तर बाद फेरीला खेळेल. आत्ता त्या उड्या मारल्या तर गुडघा जाईल असं मला वाटतं.’

मला ऐकूच आलं नाही असं झालं. म्हणजे शब्द ऐकू आले, पण ते माझ्याबद्दल होते हे डोक्यात शिरेना. ‘मॅडम, मला काही दुखत नाहीये!’

‘माहितीये. शरीर हुशार असतं. दुखायच्या आधीच काम दुसऱ्याकडे ढकलून मोकळं होतं. हापिसात नाही का चालत? ज्याच्याकडे ढकललंय तो एक दिवस आडवा होतो. दुखायला लागेल तेव्हा तुला माझी गरज नसेल, ऑपरेशनवाल्याची असेल.’

मी सरांकडे बघितलं. सरांना मी खेळायला हवी होते. पहिलाच सामना तगड्या संघाशी होता. ते घसा खाकरून म्हणाले, ‘मॅडम, राग मानू नका, पन त्या नारळाचं पानी आत ग्येलं आसंल. यंत्र येडं झालं आसंल.’

‘बाकीच्यांचे आकडे जसेच्या तसे आलेत, सर.’

‘ही शेवटची व्हती. तवर मुरलं आसंल पानी.’

मला तर तोच आधार मिळाला. मी चिडून, जवळजवळ ओरडूनच म्हणाले, ‘मॅडम, तुमचं यंत्र बिघडलंय! एका नारळापायी तुम्ही माझं वर्ष घालवताय.’

हॉलमधला सराव थांबला होता. सगळ्याजणी बघत होत्या. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, पदर खोचला आणि फळीवर चढल्या. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हात कमरेवर, नजर भिंतीवर. धप्प.

पडद्यावर दोन रेघा आल्या. एक उंच आणि एक तिच्या निम्म्याने बुटकी. मॅडम खाली उतरल्या, एक बटण दाबलं, आणि त्या रेघांवर कालच्या सकाळच्या रेघा येऊन बसल्या, त्यांच्यावर परवाच्या, त्यांच्यावर दसऱ्याच्या आधीच्या, त्यांच्यावर गेल्या उन्हाळ्यातल्या. सगळ्या एकमेकींवर, जवळजवळ एकच रेघ जाड होत गेल्यासारख्या.

‘ही बुटकी रेघ म्हणजे माझा डावा पाय,’ त्या म्हणाल्या. ‘विद्यापीठाकडून खो-खो खेळायचे मी. दुखतंय का असं विचारायचे, मी नाही म्हणायचे, आणि खरंच दुखत नव्हतं. मग एका सामन्यात खांबाला वळसा घालताना आतून तुटल्याचा आवाज मला एकटीला ऐकू आला. तेव्हापासून हा पाय असाच आहे. रोज सकाळी मी याच्यावर यंत्र तपासते. वजनं ठेवून जे कळायचं ते कळतं, पण वजनं उडी मारत नाहीत. आणि धडधाकट पायाचा या कामाला काही उपयोग नाही. सगळ्यांनाच सारखं दाखवणारं यंत्र मेलेलंही असू शकतं. बिघडलेला पाय बिघडलेलाच दिसला, तर यंत्र शुद्धीवर आहे.’ त्यांनी चष्मा घातला. ‘नारळाने यंत्र बिघडलं असतं तर आज माझा पाय बरा दिसला असता. आणि तसा तो दिसला असता ना, तर मी स्वतः रोज एक नारळ फोडला असता.’

एरवी अशा वाक्याला सगळा हॉल हसला असता.

सर पडद्याजवळ गेले. त्या जाड झालेल्या रेघेला त्यांनी बोट लावलं. ‘मॅडम,’ त्यांनी हळूच विचारलं, त्यांचा आवाज इतका खाली उतरू शकतो हे आम्हाला तेव्हा कळलं, ‘तवा तुमच्या सरांनी काय सांगितलं व्हतं तुमास्नी?’

‘पट्टी बांध आणि खेळ.’

सरांनी आयुष्यभर किती मुलींना ते वाक्य सांगितलं होतं ते तेच जाणोत. मलाही सांगितलं होतं. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले, आणि वळले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘पयल्या दोन सामन्यांना तू बाहेर बसशील.’

मी बाहेर बसले. अंगावर ट्रॅकसूट, मांडीवर रुमाल, आणि समोर ती निवड करणारी मंडळी खुर्च्यांवर ओळीने. एक सामना आम्ही जिंकलो, एक थोडक्यात हरलो. तिसऱ्या दिवशी मी मॅटवर उतरले. रोज सकाळ-संध्याकाळ मॅडमनी माझ्याकडून एका पायावर उतरण्याचे ते कंटाळवाणे व्यायाम करून घेतले होते, दोरी धरून, स्टुलावरून, डोळे मिटून. उजव्या पायाला पुन्हा कामावर रुजू करून घ्यायचं, असं त्या म्हणायच्या. मी चांगली खेळले. उड्या मारल्या, उतरले, पुन्हा मारल्या. आम्ही उपान्त्य फेरीपर्यंत गेलो. पण त्या खुर्च्या तोपर्यंत रिकाम्या झाल्या होत्या. भारताच्या शिबिराची नावं आली त्यात माझं नाव नव्हतं.

पुण्याला परतल्यावर मी मॅडमच्या खोलीत गेले. पाटी वाचली, आत गेले आणि बसायच्या आधीच विचारलं, ‘मी खेळले असते तर गुडघा गेलाच असता कशावरून?’

मला वाटलं होतं, त्या एखादा आलेख काढतील.

‘कशावरूनच नाही,’ त्या म्हणाल्या. ‘गेला असता असं मला वाटलं. गेला नसता असंही असेल. ते आता मलाही कळणार नाही आणि तुलाही नाही. माझ्या कामात हेच होतं गं. मी बरोबर असले तर काहीच होत नाही. आणि काहीच झालं नाही याचा फोटो पेपरात येत नाही.’

मी रडले. रागाने, आणि दुसरं कोणी नव्हतं म्हणून त्यांच्यासमोरच. त्यांनी समजूत घातली नाही. डब्यातली मेथीची पोळी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, ‘हे वर्ष शेवटचं असं तू ठरवलंयस, तुझ्या पायांनी ठरवलेलं नाही. पायांचं मी बघितलंय. अजून भरपूर वर्षं बाकी आहेत.’

पुढच्या वर्षी मी निळी जर्सी घातली. त्यानंतरही बरीच वर्षं घातली, इतकी की घरच्यांनी विचारायचं सोडून दिलं. पहिल्यांदा ती जर्सी घालून आले तेव्हा सरांनी पेढे वाटले. मॅडमनी पेढा घेतला, माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, ‘बूट कोणी दिलेत हे? बदल आधी.’

आता मॅडम निवृत्त आहेत, सर गावाकडच्या मुलींना शिकवतात आणि त्यांना बसने आणतात, आणि राज्याच्या शिबिरात शिट्टी माझ्या हातात आहे. माझ्या मुलींना ‘जरा’ म्हणायला बंदी आहे. तक्त्यातल्या रंगांची नावं तीच आहेत. दसऱ्याला यंत्रांची पूजा होते, लांबून. खोबऱ्याची वाटी मात्र दरवर्षी बिबवेवाडीला पोचती होते.

मध्यंतरी नवी फळी आली. जुनीच्या निम्म्या जाडीची, बिनवायरीची, मोबाइलवर रेघा दाखवणारी. कंपनीचा माणूस हडपसरच्या आयटी पार्कातून ती जोडायला आला होता. ‘मॅडम, फॅक्टरीतूनच कॅलिब्रेट होऊन येते, चेक करायची गरजच नाही,’ तो मला म्हणाला. मी म्हटलं, असेल, पण आमच्याकडे पद्धत आहे. आणि मॅडमना फोन केला.

त्या आल्या. केस पूर्ण पांढरे, साडीची इस्त्री तितकीच कडक. जिना उतरताना मी हात पुढे केला, तो त्यांनी बघितलाच नाही. बूट पिशवीतून आणले होते, ते घातले, पदर खोचला. माझ्या सगळ्या मुली भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी मीटरबाईंच्या गोष्टी ऐकल्या होत्या, बाई पहिल्यांदाच बघत होत्या. हात कमरेवर. नजर भिंतीवर. आता उडी फार छोटी होती, पण उडी होती. धप्प.

कंपनीच्या माणसाने मोबाइलकडे बघितलं आणि त्याचा चेहरा गंभीर झाला. ‘मॅडम, सॉरी, पण तुमच्या दोन्ही पायांत खूपच डिफरन्स येतोय. लेफ्ट साइड एकदमच वीक आहे. तुम्ही प्लीज कोणाला तरी दाखवून घ्या.’

‘दाखवलं की आत्ता, तुम्हाला,’ मॅडम म्हणाल्या. मग मोबाइल हातात घेऊन, लांब धरून, त्या दोन रेघा नीट बघितल्या. ‘यंत्र चांगलं आहे. ठेवून घ्या.’

त्या बूट सोडायला स्टुलावर बसल्या तेव्हा मला काय वाटलं कोण जाणे. मॅडम आता दर वेळी कशा येणार? पुढे कधीतरी हे मलाच करायला लागणार. मी चपला काढल्या, फळीवर चढले, हात कमरेवर ठेवले. खेळ सोडून मला काही वर्षं झाली आहेत, वजन वाढलंय. तरी उडी मारली. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

मॅडमनी मोबाइल अजून हातातच धरला होता. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. रेघ एकच दिसत होती. दुसरी कुठे गेली म्हणून मी शोधायला लागले, मग कळलं की ती पहिलीच्या खाली आहे, इथून तिथपर्यंत.

मॅडम बघत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या.

‘यंत्र तपासायला,’ त्या म्हणाल्या, ‘तुझा काही उपयोग नाही.’